ऑडुबॉन पक्षी मारून चित्रं काढायचा, मग त्याची चित्रं बघून शिकावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही फोटो बघून वॉटरकलरमध्ये पक्षी काढता, माप रंग सगळं जवळपास बरोबर येतं पण पक्षी मेल्यासारखा दिसतो. कुणीतरी जॉन जेम्स ऑडुबॉन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पक्षी चित्रकाराच्या प्लेट्स, म्हणजे 'बर्ड्स ऑफ अमेरिका'मधली मोठाली छापील चित्रं, बघायला सांगितल्या, त्या बघून तुम्ही खुळावलात, आणि मग वाचनात आलं की हा माणूस पक्षी गोळी घालून मारायचा, गुलाम बाळगायचा, वर त्याच्यावर चित्र ढापल्याचाही आरोप आहे. तर आता त्याच्या प्लेट्स कॉपी करून सराव करावा का, त्याला निसर्ग अभ्यासक म्हणावं का, आणि जाता जाता, पक्षी लाइफ साइज काढावा का.

गंमत बघा, त्याच्यासमोरचा पक्षी मेलेला होता आणि कागदावर जिवंत दिसतो, तुमच्या फोटोतला पक्षी जिवंत आहे आणि कागदावर मरतो. तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं. माणूस थोर की वाईट हा वाद चालू राहील, पण चित्र शिकणाऱ्याने विचारायचं ते वेगळं: या प्लेटमधलं काय त्याने मोजलंय, काय डोळ्यांनी पाहिलंय, आणि काय रचलंय. हे तीन वेगळे करता आले की शिकायला भरपूर आहे, नाही करता आले तर त्याच्या चुकाही तुम्ही इमानेइतबारे कॉपी कराल.

मी फील्ड गाइडसाठी आणि अभयारण्यातल्या माहिती फलकांसाठी इलस्ट्रेशन करते, त्यामुळे माझी नजर तशी कोरडी आहे, पक्षी ओळखता आला पाहिजे हे माझं पहिलं. तुम्हाला भिंतीवर लावायचं चित्र करायचं असेल तर माझं काही काही तुम्हाला लागू होणार नाही, तिथे तिथे सांगेनच.

आधी माणूस थोडक्यात. जन्म २६ एप्रिल १७८५, ले काय नावाच्या गावी, तेव्हाची फ्रेंच वसाहत सेंट डोमिंग, आजचं हैती. बाप फ्रेंच जहाजी, उसाच्या मळ्याचा मालक, गुलामांच्या व्यापारातही हात असलेला. आई तिथेच मोलकरीण म्हणून आलेली फ्रेंच बाई, लग्न झालेलं नव्हतं, आणि पोर काही महिन्यांचं असताना ती गेली. बापाच्या लग्नाच्या बायकोने त्याला फ्रान्समध्ये वाढवलं. १८०३ मध्ये नेपोलियनच्या फौजेत भरती होऊ नये म्हणून अठराव्या वर्षी त्याला अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या मिल ग्रोव्ह नावाच्या शेतावर धाडलं. तिथे शेजारच्या ल्यूसी बेकवेलशी ओळख, १८०८ मध्ये लग्न, मग केंटकीत दुकान, पिठाची आणि लाकडाची गिरणी, आणि १८१९ मध्ये सगळं बुडून कर्जापायी तुरुंग. म्हणजे चित्रकार म्हणून जे काही व्हायचं ते पस्तिशीनंतर, दिवाळं निघाल्यावर. त्याआधी चित्रं तो काढतच होता, पण फावल्या वेळात.

आता तुमच्या कामाची गोष्ट, त्याची पद्धत. त्याच्या आधी पक्ष्यांची चित्रं काढायची म्हणजे बहुतेक वेळा पेंढा भरलेला पक्षी समोर ठेवायचा, एका बाजूने, फांदीवर ताठ. त्याच्याआधी अमेरिकेतले पक्षी चितारणाऱ्या अलेक्झांडर विल्सनच्या पुस्तकातले पक्षी बघा, चांगले आहेत, पण बहुतेक सगळे शाळेच्या ग्रुप फोटोत उभे केल्यासारखे. ऑडुबॉनला ते खटकायचं. दोऱ्याने टांगून बघ, लाकडाचा सांगाडा करून बघ, असले उद्योग त्याने केले आणि जमेना. मग त्याने लिहून ठेवलंय तसं, एके दिवशी पहाटे उठून घोड्यावरून पाच मैलांवरच्या नॉरिसटाउनला गेला, वेगवेगळ्या जाडीची तार आणली, ओढ्यावर जाऊन एक खंड्या मारला (आपल्याकडचा नाही, तिकडचा तुरेवाला), आणि तार टोकदार करून त्याच्या अंगातून, मानेतून, पायांतून घालून लाकडी फळीवर टोचून उभा केला. एक तार डोकं पेलायला, एक शेपूट वर उचलायला. हवा तसा पक्षी उभा.

फळीवर चौकटी आखलेल्या, तशाच चौकटी कागदावर. पक्ष्याची चोच फळीवरच्या ज्या चौकटीत, कागदावरही त्याच चौकटीत. म्हणजे माप चुकायचा प्रश्नच नाही, जेवढा पक्षी तेवढं चित्र. आपण लहानपणी देवाची चित्रं चौकटी पाडून मोठी करायचो तेच तंत्र, फक्त इथे समोर चित्राऐवजी खरा पक्षी.

आणि हे सगळं पळत पळत करावं लागायचं. मेलेल्या पक्ष्याचा रंग टिकत नाही. पिसांचा बराच टिकतो, पण डोळ्याचा रंग, डोळ्याभोवतीच्या उघड्या कातडीचा रंग, चोचीच्या मुळाचा, पायांचा, हे काही तासांत उतरायला लागतं. डोळा तर लगेच खोल जातो आणि गढूळ होतो. मी संग्रहालयातल्या स्किन्सवर, म्हणजे आत कापूस भरून जपलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवर, काम करते तेव्हा हे रोज भोगते: पोट वर करून आडवा ठेवलेला पक्षी, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी बांधलेली, आणि पाय सगळ्यांचेच सारखे मळकट तपकिरी. मान किती लांब हे पक्ष्यावर नाही तर स्किन भरणाऱ्याने किती ओढली त्यावर ठरतं. तिथे पंखातलं कुठलं पीस किती लांब हे मिलिमीटरमध्ये मोजून घ्या, पण पाय आणि डोळ्याच्या रंगासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका. ऑडुबॉनकडे ताजा पक्षी असायचा हा त्याचा मोठाच फायदा.

रंगकामातही तो सोवळा नव्हता. वॉटरकलर, त्यावर पेस्टल, कुठे ग्वॉश (खालचं दिसू न देणारा दाट वॉटरकलर), कुठे शाई, आणि पिसांची चकाकी दाखवायला रंगावर चक्क शिसपेन्सिल. ग्रॅफाइट तिरप्या उजेडात चमकतं ना, तेच वापरलंय. कोतवाल काढताना तुमचा काळा गोळा होत असेल तर हे करून बघा, काळ्याच्या खाली आधी निळा पातळ वॉश, तो वाळल्यावर काळा, आणि चकाकीच्या जागी पिसाच्या दिशेने मऊ पेन्सिलचे हलके फराटे. स्कॅन केलं की ही चकाकी जाते, म्हणून छपाईच्या कामात मी वापरत नाही, पण मूळ चित्र म्हणून भिंतीवर लावायचं असेल तर मस्त दिसतं.

झालं, हे मोजण्याचं. पण तारेवर टोचलेला पक्षी हवा तसा वळवता येतो याचा अर्थ तो कसाही वळवता येतो, जिवंत पक्षी जसा कधीच वळणार नाही तसाही. कुठली पोझ खरी हे तार सांगत नाही, ते आधी डोळ्यांत असावं लागतं. आणि ते त्याच्याकडे होतं, कारण गिरणी बुडवेपर्यंतची सगळी वर्षं हा माणूस धंदा सोडून रानात फिरत होता. १८१३ च्या शरद ऋतूत केंटकीतल्या हेंडरसनहून लुईव्हिलला जाताना त्याने पॅसेंजर कबुतरांचा थवा बघितला त्याचं त्याने केलेलं वर्णन प्रसिद्ध आहे. त्याने आधी थवे मोजायला घेतले, कागदावर एकेका थव्याला एक ठिपका, आणि थोड्याच वेळात हात टेकले कारण थवे संपेचनात, भर दुपारी ग्रहणासारखा अंधार, आणि तीन दिवस ते जातच होते. याच जातीतला शेवटचा पक्षी, मार्था नावाची मादी, १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. कॅरोलिना पोपटाचंही तसंच, शेवटचा पिंजऱ्यातला १९१८ मध्ये, त्याच प्राणिसंग्रहालयात. त्या पोपटांची ऑडुबॉनची प्लेट उघडून बघा: काटेरी गोखरूसारख्या झुडपावर सात पक्षी, कुणी पाठमोरा, कुणी मान खाली घालून, कुणी शेपटीचा पंखा करून, आणि एक पिल्लू वयाचा, ज्याचं डोकं अजून पिवळं झालेलं नाही. एका प्लेटमध्ये वरून खालून बाजूने सगळा पक्षी कळतो आणि तरी तो तक्ता वाटत नाही. हे नुसत्या तारेने होत नाही, थव्यात बसलेले पोपट एकमेकांना कसे ढकलतात ते बघितलेलं असावं लागतं.

आता मारण्याबद्दल. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदूकच, विल्सन काय आणि युरोपातले काय, सगळे तेच करायचे, कारण दुरून पक्षी ओळखता येईल अशी हातातली दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही नव्हते. त्यामुळे 'मारायचा' एवढ्यावर मी त्याला बोल लावणार नाही. पण चित्राला लागतील त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पक्षी त्याने मारले, शिकारीचा शौक होता, आणि ते तो लपवतही नाही. सोनेरी गरुडाची गोष्ट तर वाचवत नाही. १८३३ मध्ये बॉस्टनला त्याने जिवंत गरुड विकत घेतला, पिसं खराब न होता मारायचा म्हणून आधी कोंडून कोळशाचा धूर दिला, तो मरेना, मग गंधक घातलं, तरी मरेना, शेवटी अणकुचीदार पोलादी सळई काळजात खुपसली. मग दोन आठवडे त्या चित्रावर खपला आणि आजारी पडला. मूळ चित्रात खाली कोपऱ्यात दरीवरच्या ओंडक्यावरून सरपटत जाणारा एक बारकुसा शिकारी आहे, पाठीला मारलेला गरुड बांधलेला, आणि तो बहुधा ऑडुबॉन स्वतः. छापील प्लेटमध्ये तो काढून टाकलाय. मला त्या चित्रातली सगळ्यात प्रामाणिक जागा तीच वाटते आणि नेमकी तीच छापताना गेली.

बरेच जण त्याला पक्षी संरक्षणाचा जनक वगैरे म्हणतात, तेही धरून चालू नका. ऑडुबॉन सोसायटी काढली जॉर्ज बर्ड ग्रिनेलने, १८८६ मध्ये, ऑडुबॉन १८५१ सालीच गेला होता. ग्रिनेल लहानपणी ल्यूसी ऑडुबॉनकडे शिकायला होता, त्यातून ते नाव आलं. म्हातारपणाकडे झुकताना प्राणी पक्षी कमी होताहेत याची ऑडुबॉनला जाणीव झालेली दिसते, लॅब्राडोरला गेला तेव्हा अंडी लुटणाऱ्या टोळ्यांवर त्याने कडक लिहिलंय, पण चळवळ बिळवळ काही नाही.

तिसरा थर, रचलेलं. इथे सावध. ऑडुबॉनला नाट्य फार प्यारं होतं, चित्रात आणि बोलण्यातही. स्वतःचा जन्म लुइझियानाचा सांगायचा, पॅरिसमध्ये दाविदसारख्या बड्या चित्रकाराकडे शिकलो म्हणायचा, त्याला पुरावा नाही. मिल ग्रोव्हला गुहेतल्या फीबी पक्ष्यांच्या पिल्लांच्या पायाला चांदीची तार बांधली आणि पुढच्या वसंतात ती परत आलेली ओळखली, हा अमेरिकेतला बँडिंगचा पहिला प्रयोग म्हणून पुस्तकापुस्तकात सांगितला जातो, पण नंतर कुणीतरी तारखा जुळवल्या तर ज्या वसंतात पक्षी परत आले म्हणतो त्या वसंतात हा गडी फ्रान्समध्ये होता. मॉकिंगबर्डच्या घरट्यावर खुळखुळ्या साप चढलाय ती प्लेट बघा, काय जबरदस्त रचना आहे, चार पक्षी आणि मधे सापाचा विळखा. पण खुळखुळ्या साप असा झाडावर चढून घरटी लुटतो का, त्याचे विषदंत टोकाला असे बाहेर वळलेले असतात का, यावरून त्याच्या हयातीतच टीका झाली होती.

गिधाडाचं प्रकरण तर चित्रकारांनी वाचावंच असं आहे. १८२६ मध्ये एडिंबरात त्याने निबंध मांडला की टर्की गिधाड वासाने अन्न शोधत नाही, नजरेने शोधतं. त्याने हरणाच्या कातड्यात पेंढा भरून ठेवला तर गिधाड आलं, आणि सडलेलं डुक्कर झाकून ठेवलं तर आलं नाही. पुढे त्याचा दोस्त, चार्ल्सटनचा पाद्री जॉन बाकमन, याने प्रयोग वाढवले, आणि त्यातला एक म्हणजे पोट फाडलेल्या मेंढीचं चित्र रंगवून जमिनीवर ठेवलं, तर गिधाडं येऊन त्या कॅनव्हासला चोचीने ओढायला लागली! आता एवढा पुरावा असल्यावर कोण म्हणेल चूक आहे. पण चूकच होती. टर्की गिधाडाचं नाक उत्तम असतं हे विसाव्या शतकात नीट सिद्ध झालं. एक तर याला ताजं प्रेत आवडतं, पार सडलेलं नाही, आणि तिथे काळी गिधाडंही असतात ज्यांचं नाक तसं तेज नाही, कोण आलं आणि कोण नाही याचा घोळ सहज होतो. तर निसर्ग अभ्यासक म्हणावं का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की हो, म्हणावं, कष्टाळू आणि कल्पक अभ्यासक होता, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुठलीही गोष्ट खरी धरायची नाही, दुसरा साक्षीदार शोधायचा.

ढापल्याचा आरोप म्हणजे 'बर्ड ऑफ वॉशिंग्टन'. हा गरुडाचा नवीन, मोठा प्रकार आपण शोधला असं त्याने जाहीर केलं, चित्र केलं, आणि तसा पक्षी परत कुणालाच सापडला नाही. बरीच वर्षं लोक म्हणायचे की बॉल्ड ईगलचं पिल्लू असेल, मोजण्यात गडबड झाली असेल. २०२० मध्ये आलेल्या एका संशोधनात दाखवलंय की ते चित्र एका जुन्या ज्ञानकोशातल्या सोनेरी गरुडाच्या चित्राशी फारच मिळतं आणि हा उघड बनाव होता. मी ती दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली, मला तो आरोप पटतो. फील्ड गाइड करणाऱ्याच्या दृष्टीने ह्याच्याइतकं वाईट काही नाही, एक जात खोटी निघाली की बाकीच्या प्लेट्सवरही शंकेचा डाग पडतो.

इथवरचा धागा एवढाच, पिसं आणि मापं यावर त्याच्यावर भरवसा ठेवा, पोझ बहुतेक वेळा खरी पण तपासून घ्या, आणि नाट्य, गोष्टी, दावे यांच्यावर अजिबात विसंबू नका.

अजून एक, जे कॉपी करताना फार महत्त्वाचं आहे. ज्याला आपण ऑडुबॉनची प्लेट म्हणतो ती एका माणसाची नाहीच. १८२० मध्ये तो ओहायो आणि मिसिसिपी नदीतून बोटीने निघाला तेव्हा बरोबर जोसेफ मेसन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता, सुरुवातीच्या कितीतरी चित्रांतली फुलं पानं त्या पोराची आहेत, आणि छापील प्लेटवर त्याचं नाव नाही. पुढे जॉर्ज लेहमनने देखावे केले, मारिया मार्टिनने झाडं आणि किडे. घर ल्यूसी चालवत होती, मळेवाल्यांच्या मुली शिकवून, तिने पैसे साठवले म्हणून हा १८२६ मध्ये इंग्लंडला जाऊ शकला. अमेरिकेत कुणी छापायला तयार नव्हतं, फिलाडेल्फियात विल्सनच्या बाजूचे लोक, त्यात जॉर्ज ऑर्ड पुढे, त्यांनी पाय रोवू दिला नाही. एडिंबरात लिझार्सने पहिल्या दहा प्लेट्स कोरल्या, तिथे रंगाऱ्यांनी काम बंद केलं, मग लंडनला रॉबर्ट हॅवेल. हॅवेल नसता तर ऑडुबॉन एवढा मोठा झाला नसता हे माझं ठाम मत आहे. तांब्यावर कोरून, ॲक्वाटिंटने करड्या छटा देऊन छापायचं आणि मग रांगेने बसलेल्या रंगाऱ्यांनी प्रत्येक प्रत हाताने रंगवायची. १८२७ ते १८३८, ४३५ प्लेट्स, पाच पाचच्या ८७ भागांत, प्रत्येक भागात एक मोठा पक्षी, एक मध्यम, तीन लहान, म्हणजे वर्गणीदाराला दर वेळी काहीतरी भव्य मिळालंच पाहिजे. धंद्यात बुडालेल्या माणसाला धंदा इथे बरोबर कळला होता. मजकूरही त्याने मुद्दाम वेगळ्या पुस्तकात छापला, कारण मजकूर असलेलं पुस्तक म्हटलं की ब्रिटिश कायद्याने ग्रंथालयांना फुकट प्रती द्याव्या लागायच्या आणि असल्या महाग प्रती फुकट देणं परवडणारं नव्हतं. तो मजकूर विल्यम मॅकगिलिव्हरे या स्कॉटिश शास्त्रज्ञाने नीट करून दिला, शास्त्रीय वर्णनं बरीचशी त्याची.

याचा तुमच्याशी संबंध असा की हाताने रंगवल्यामुळे एका संचातली प्लेट दुसऱ्या संचातल्या प्लेटसारखी नसते. त्यात दोनशे वर्षं जुना कागद पिवळा पडलेला, वरून स्कॅनरचा रंग, तुमच्या मॉनिटरचा रंग. त्यामुळे ऑडुबॉनच्या डाउनलोड केलेल्या फाइलवरून रंग जुळवत बसू नका, तो वेळ वाया जातो. मूळ वॉटरकलर बघायचे असतील तर ते न्यूयॉर्क हिस्टॉरिकल (पूर्वीची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) या संस्थेकडे आहेत, १८६३ मध्ये ल्यूसीने विकले. त्यांच्या प्रतिमा छापील प्लेटशेजारी ठेवून बघा, हॅवेलने काय बदललं ते कळतं.

गुलामांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून, ते खरं आहे आणि सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. केंटकीत असताना त्याच्याकडे गुलाम होते, पैशाची गरज पडली तेव्हा त्याने माणसं विकली, आणि ब्रिटिशांनी वसाहतींमधली गुलामगिरी संपवली त्यावरही त्याने पत्रात नाराजी लिहिली. माणसांच्या कवट्या गोळा करून कवट्यांवरून वंश ठरवणाऱ्या मॉर्टनला पाठवल्या. त्याच्यासाठी पक्षी आणून देणाऱ्यांत गुलाम माणसंही होती, त्यांची नावं बहुतेक कुठे नाहीत. अमेरिकेतल्या काही शहरांतल्या ऑडुबॉन सोसायट्यांनी यावरून नाव बदललं, राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये आहे तेच ठेवायचं ठरवलं. कोण बरोबर यावर मी इथे भांडत बसणार नाही. मी वर्कशॉपमध्ये त्याच्या प्लेट्स दाखवते तेव्हा हेही त्याच दमात सांगते, शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात नाही.

तर कॉपी करा का? करा, पण पूर्ण प्लेट रंगवत बसू नका. ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त तीन रेघा काढा: चोचीच्या टोकापासून डोळ्यातून जाणारी, पाठीच्या कण्याची, आणि पंजा फांदीला जिथे धरतो तिथून सरळ उभी वर. बसलेल्या पक्ष्याचा तोल पंजांवर असतो, त्यामुळे ही उभी रेघ धडाच्या जड भागातून गेली पाहिजे. आता तुमच्या फोटोवरून काढलेल्या चित्रांवर याच तीन रेघा काढा. पैजेवर सांगते, बहुतेक चित्रांत पंजे पुढे किंवा मागे सरकलेले असतील, कारण फोटोत पाय पानाआड असतात आणि आपण ते अंदाजाने चिकटवतो. पक्षी 'मेलेला' दिसतो त्याचं अर्धं कारण हे. दुसरं कारण टेलिफोटो, लांबून काढलेल्या फोटोत खोली चपटी होते, तुमच्याकडे वळलेली शेपटी आणि पलीकडचा खांदा एकाच पातळीत येतात, आणि आपण त्या फोटोच्या सावलीलाच पिसांचा रंग समजून रंगवतो.

यावर औषध एकच, तोच पक्षी बाहेर जाऊन बघायचा. सुरुवातीला परत परत त्याच जागी येऊन बसणारा पक्षी धरा. वेडा राघू उत्तम, तारेवरून उडतो, माशी पकडतो, तिथेच परत येतो, म्हणजे अर्धवट राहिलेलं स्केच पुढच्या फेरीला पूर्ण होतं. ढोकरी पण छान, पाण्याच्या कडेला ढिम्म उभी असते, आणि मान आत घेतली की ठेंगणी आणि सावज दिसलं की मान ताणून एकदम दुप्पट, हा फरक एकदा हातातून गेला की कुठलाही बगळा काढताना उपयोगी पडतो. तारेच्या जागी तुमच्याकडे मोबाइल आहे, व्हिडिओ काढा आणि थांबवून थांबवून बघा. मापांसाठी चोचीची लांबी हे एकक धरा, डोकं किती चोची, पंख किती चोची, एकदा लिहून ठेवलं की चौकटीची फळी लागत नाही. स्किन्स बघायच्या असतील तर मुंबईला बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह आहे, रीतसर परवानगी काढून जा. आणि कृपा करून रस्त्यात मेलेला पक्षी सापडला म्हणून ऑडुबॉनगिरी करायला घरी आणू नका, पिसंही गोळा करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भलतीच भानगड होईल. जागेवरच स्केच करा, फोटो काढा, पट्टी ठेवून मापं घ्या, आणि तो तिथेच राहू द्या.

फील्ड गाइडसाठी करायचं असेल तर मात्र ऑडुबॉनच्या पोझ विसरा. तिथे सगळे पक्षी एकाच बाजूला तोंड करून, एकाच प्रमाणात, ओळखीची खूण समोर, हे हवं. १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसनने बाण दाखवून खुणा सांगायची रीत आणली ती याच्यासाठी, आणि तिथे विल्सनचे ग्रुप फोटोवाले ताठ पक्षी जास्त उपयोगाचे.

राहिला लाइफ साइजचा प्रश्न. ऑडुबॉनने हट्टाने सगळे पक्षी खऱ्या मापाचे काढले, त्यासाठी मिळत होता त्यातला सगळ्यात मोठा, सव्वातीन फूट उंच कागद घेतला, तरी मोठे पक्षी बसेनात. म्हणून फ्लेमिंगोची मान खाली वळवलीय, मोठ्या निळ्या बगळ्यालाही वाकवलंय, आणि गंमत म्हणजे त्या अडचणीतूनच त्याच्या सगळ्यात देखण्या पोझ निघाल्यात. उलट हमिंगबर्ड एवढासा, तर त्याने तुतारीच्या आकाराच्या केशरी फुलांभोवती त्यांचा घोळकाच काढून पान भरलं. आपल्या शिंजीराचं घ्या, चोचीसकट दहाएक सेंटीमीटर, लाइफ साइज काढलात तर पिसांचं काम करायला जागाच उरत नाही, मी दीड ते दोन पट काढते आणि छापताना लहान करते, चुकाही त्यात बारीक होतात. सारस तर माणसाएवढा, तो लाइफ साइज करायला घरात भिंत पाहिजे. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, खंड्या, वेडा राघू हे ए-थ्री कागदावर आरामात खऱ्या मापात बसतात, त्यांच्यापासून सुरू करा, आणि पंखाची लांबी पट्टीने तपासत जा. कागद तीनशे जीएसएमचा घ्या, ग्वॉशचे थर चढवले की पातळ कागद फुगतो.